परत येणारी बाई

जया वसावेने माझं नाव विचारायच्या आधी माझी खालची पापणी ओढून पाहिली होती.

नंदुरबारला आमच्या कॉलेजच्या मागे एका मारवाडी कुटुंबाच्या घरात वरची खोली भाड्याने मिळत होती. मालकीणबाईंची अट होती, एकटी बाई नको, दोघी हव्यात. म्हणून कॉलेजच्या शिपायाने आमची गाठ घालून दिली. मी रनाळ्याची, रसायनशास्त्र शिकवणारी. ती मोलगीच्या पुढच्या डोंगरातली, जीवशास्त्रात पीएच.डी. झालेली. दोघीही तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढ्यापुरत्याच प्राध्यापक. मी ट्रंक घेऊन जिना चढले आणि धापा टाकत उभी राहिले. एका काळ्यासावळ्या, ठेंगण्या बाईने मला हाताला धरून खिडकीजवळ नेलं, अंगठ्याने पापणी खाली ओढली आणि म्हणाली, "रक्त कमी आहे तुझं. पिवळेपणा नाही, ते बरं. नाव काय?"

हे ती सगळ्यांच्या बाबतीत करायची. भाजीवाली, बसमधली शेजारीण, परीक्षेला आलेले बाहेरचे परीक्षक. एकदा सुट्टीत मी तिला रनाळ्याला घेऊन गेले. आई अंगणात मिरच्यांची देठं खुडत बसली होती. जया वाकून नमस्कार करते आहे असं वाटून आईने आशीर्वादाला हात वर केला, तर हिने आईची पापणीच धरली. आई दचकून मला म्हणाली, "मन्हा डोयामा काय देखी ऱ्हायनी वं ही?" मग हसून हसून तिची पुरेवाट झाली. जेवताना आईने तिच्या ताटात दुप्पट तूप वाढलं आणि आम्ही निघताना म्हणाली, "पोर गुणनी शे. पन हसस कमी."

हसायची ती कमीच. तिला एक धाकटा भाऊ होता. आश्रमशाळेत असताना दर पावसाळ्यात त्याचे सांधे धरायचे, हातपाय सुजायचे, तो रात्रभर कण्हायचा. मास्तर म्हणायचे, कामचुकार आहे. भगत म्हणायचा, बाहेरचं आहे. आठवीत असताना तो गेला. जया तेव्हा बारावीला होती. पुढे कॉलेजात गेल्यावर तिला त्या आजाराचं नाव सापडलं, सिकलसेल. "पुस्तकात चित्र होतं गं," ती मला सांगायची. "एक पेशी गोल आणि तिच्या शेजारी एक विळ्यासारखी वाकलेली. खाली दोन ओळी. माझा भाऊ दोन ओळींत मावला होता."

आमच्या जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात हा आजार घराघरात आहे. आईकडून अर्धा आणि बापाकडून अर्धा असा तो मुलात उतरतो. अर्धा असलेल्या माणसाला काहीच होत नाही, ते नुसते वाहक. पण दोन वाहकांचं लग्न झालं की पोटच्या पोराच्या वाट्याला तो पुरा येऊ शकतो. जया स्वतः वाहक होती. लग्नाचं विचारलं की म्हणायची, "आधी त्याचं रक्त, मग त्याचं घर."

तिच्या संशोधनाचा प्रश्न एकच होता आणि तो ती कोणालाही, अगदी भांडी घासताना मलाही, ऐकवायची. एकाच आईबापाचे दोन भाऊ, दोघांनाही पुरा आजार. एक होळीला रात्रभर ढोल गळ्यात घेऊन नाचतो आणि दुसऱ्याला खाटेवरून उठवत नाही. का? या प्रश्नाचं थोडं उत्तर पुस्तकात होतं. बाळाचं आईच्या पोटात असतानाचं रक्त ज्यांच्या अंगात मोठेपणीही थोडं टिकून राहतं, त्यांना त्रास कमी होतो. पण तिने गोळा केलेल्या नमुन्यांत काही भाऊ असे होते, की त्यांना ते उत्तर लागू पडत नव्हतं. "तिथे काहीतरी वेगळं आहे," ती म्हणायची. तेव्हा मात्र तिचा चेहरा असा व्हायचा, की समोरच्यालाही ते वेगळं काहीतरी दिसायला लागावं.

मी एकदाच तिच्याबरोबर वर गेले. मोलगीपर्यंत बस, पुढे जीप, जीप थांबली तिथून पायी. एका पाड्यावर लोक जमले होते. तिने बोटं टोचायला सुरुवात करायच्या आधी एक म्हातारा भिलोरी बोलीत काहीतरी तावातावाने बोलला. जयानेच मला मराठीत सांगितलं, "ते म्हणतात, रगत नेणारे पुष्कळ आले. परत एकही आला नाही. आमचं रगत कुठं विकता?"

ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. सुई बाजूला ठेवली. आपल्या भावाचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, आईचं माहेर सांगितलं. म्हणाली, "रक्त घेतलं की उत्तर द्यायचं, हा माझा नियम आहे. मी नाही आले तर माझ्या आईच्या दारात येऊन विचारा."

आणि ती जायची. ज्याचं रक्त घेतलं त्याच्या दारात पुन्हा जायची. चांगलं असो, वाईट असो, त्याला एका बाजूला घेऊन त्याच्या भाषेत सांगायची. पोरीपोरांची लग्नं ठरवण्याआधी बाप तिला विचारायला लागले. दोन वाहकांच्या सोयरिकी मोडल्याही तिने, शिव्या खाल्ल्या, पण लोकांनी ऐकलं. पाड्यांवर तिला जे नाव पडलं होतं त्याचा मराठीत अर्थ होतो, परत येणारी बाई.

मग एकेक करून सगळं सुटत गेलं. तिला प्रकल्प मिळवून देणारे सर निवृत्त झाले. प्रकल्प संपला, पुढचा आला नाही. कॉलेजात कायम जागेची जाहिरात आली, मुलाखती झाल्या, आणि ती जागा कोणत्या तरी कारणाने भरायचीच नाही असं ठरलं. दुसऱ्या वर्षी पुन्हा जाहिरात, पुन्हा मुलाखत. त्या मुलाखतीत एकाने तिला विचारलं, "मॅडम, इतकी वर्षं एकाच आजारावर? काहीतरी नवीन घ्यायचं ना." घरी येऊन तिने साडी बदलली, भाकरी थापायला बसली, आणि पीठ मळता मळता म्हणाली, "मी नवीन भाऊ कुठून आणू?"

त्याच सुमारास सुरतेच्या पुढच्या एका औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीचं बोलावणं आलं. ही कंपनी तपासणीच्या पट्ट्या बनवायची. रक्ताचा थेंब टाकला की रेघ उमटते, त्या. सिकलसेलसाठी तशी पट्टी त्यांना काढायची होती आणि ज्याने खरे रुग्ण पाहिलेत असा माणूस हवा होता.

जयाने आठवडाभर विचार केला. मग एका संध्याकाळी आम्ही गावाबाहेर फिरायला गेलो. मिरच्यांच्या पथाऱ्या पसरल्या होत्या, जमीन दिसत नव्हती इतकं लाल. दोघींना शिंका येत होत्या आणि मधेमधे ती बोलत होती.

"इथे मी एक पाडा केला की दुसरा राहतो. दुसरा केला की पहिल्यावर नवी पोरं जन्मलेली असतात. ती पट्टी झाली ना, तर आशाताईसुद्धा तपासेल. वीज नको, मशीन नको. चुलीपाशी बसून कळेल."

"आणि तुझा प्रश्न?" मी विचारलं.

"प्रश्न कॉलेजच्या डीप फ्रीझरमध्ये आहे, नमुन्यांबरोबर," ती म्हणाली. "पट्टी झाली की परत येईन. तो कुठे जात नाही."

तो गेला. ती कंपनीत जाऊन वर्षही झालं नसेल. दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजची वीज गेली आणि सुट्टी संपेपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही. मी प्रयोगशाळेचं दार उघडलं तर फ्रीझरखाली फरशीवर पाण्याचं थारोळं आणि वास. शिपाई मागे येऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "लाईट गयती मॅडम. सुट्टीमा कोन देखस?"

मी फोन केला. पलीकडे यंत्राची घरघर ऐकू येत होती. मग ती म्हणाली, "टाकू नका. मी येते."

रविवारी आली. हातमोजे घातले, खोके उघडले. हे रक्त कचऱ्यात टाकायचं नाही, दवाखान्याच्या भट्टीत जाळायचं, म्हणून तिने सगळं पिशव्यांमध्ये भरायला घेतलं. कुप्यांवर नावं नव्हती, नुसते आकडे. पण ती प्रत्येक कुपी उचलायची, आकडा बघायची आणि नाव घ्यायची. "हा दिवाल्या. ही त्याची बहीण. हा ढोलवाला. हा त्याचा भाऊ, हा गेला मागच्या वर्षी." मी पिशवीचं तोंड धरून उभी होते. सगळं भरून झाल्यावर तिने हात धुतले, पुन्हा धुतले, आणि नळ चालूच ठेवून तशीच उभी राहिली. मी नळ बंद केला.

त्यानंतर तिच्याकडे उरली ती फक्त पट्टी. आणि ती पट्टीवर अशी तुटून पडली की फोनवर दुसरं काही बोलायचीच नाही. रेघ पुसट येते. उन्हात ठेवली की बिघडते. आता नाही बिघडत. शेवटी कंपनीने पट्टी गावात नेऊन वापरून पाहायचं ठरवलं. त्यासाठी जागा अर्थात जयानेच निवडली, तिचेच पाडे.

फक्त एक अट होती. इथे तपासणी माणसांची नव्हती, पट्टीची होती. ती खरं बोलते की खोटं, हे अजून सिद्ध व्हायचं होतं. तेव्हा तिने दाखवलेलं उत्तर कोणालाही सांगायचं नाही. सांगितलं तर सगळी चाचणी बाद. जयाने विचारलं, "मग लोकांना काय सांगू?" कंपनीचे साहेब म्हणाले, "सरकारी दवाखान्यात जाऊन पक्की तपासणी करा म्हणून सांगा. सगळ्यांना तेच." त्यात चुकीचं काहीच नव्हतं. तिलाही ते पटलं. शास्त्राचा नियमच होता तो.

त्या फेरीहून परतताना ती माझ्याकडे उतरली. पहिल्यांदा मी तिला इतकी बोलकी पाहिली. पट्टी चालली होती. पळसाच्या पानांनी शाकारलेल्या पडवीत बसून, कोंबड्या हाकलत, तिने आजारी माणूस आणि वाहक दोन्ही ओळखून दाखवले होते. बोलता बोलता तिने ताट बाजूला सरकवलं.

"रमिलाचं लग्न ठरलंय," ती म्हणाली. रमिला तिच्या मामाची मुलगी, तिने अंगाखांद्यावर खेळवलेली. "होळीनंतर. मुलगा शेजारच्याच पाड्यावरचा. दोघंही हसत हसत आले बोटं पुढे करून. मी पडद्यामागे पट्ट्या पाहिल्या. दोघांच्याही दोन रेघा. दोघंही वाहक."

"मग सांगितलंस?"

"दवाखान्यात जाऊन तपासा म्हटलं. दोघांनी, लग्नाआधी. रमिला म्हणाली, पण बाई, तुझ्या पट्टीत काय आलं? मी म्हटलं, ही पट्टी अजून शिकतेय. ती हसली आणि गेली."

जया भिंतीकडे बघत बोलत राहिली, जणू मी नाही, भिंतच तिला काही विचारते आहे. "एका रमिलाला सांगितलं तर पट्टी बाद होईल. पट्टी आली तर पुढच्या सगळ्या रमिलांना कळेल. आणि त्यांना दवाखाना सांगितलाय ना मी. मामाला फोन करीन. पुन्हा करीन."

तिने केले फोन. मामा दर वेळी हो म्हणाला. पण ते गेले नाहीत, आणि का गेले नाहीत हे मला पुढे कळलं. त्यांना आळस नव्हता, भीतीही नव्हती. पाड्यावर जो तो हेच म्हणत होता, काही असतं तर जयाने सांगितलं असतं. ती सांगितल्याशिवाय राहत नाही. इतक्या वर्षांत एकदाही तिने रक्त घेऊन उत्तर दिलं नाही असं झालं नव्हतं. त्यामुळे तिच्या गप्प राहण्याचा लोकांनी एकच अर्थ लावला, की सगळं चांगलं आहे.

होळीनंतर लग्न झालं. जया गेली नाही. कामाचा ताण आहे म्हणाली.

पुढच्या पावसाळ्यात कंपनीने ती पट्टी थांबवली.

साहेब वाईट माणूस नव्हते, हे जया स्वतः सांगते. त्यांनी तिला केबिनमध्ये बसवून चहा मागवला. म्हणाले, "मॅडम, पट्टी उत्तम आहे. माझ्या नोकरीत मी इतकी चांगली पट्टी पाहिली नाही. पण विकायची कोणाला? ज्यांना हवी ते घेऊ शकत नाहीत. आणि जे घेऊ शकतात त्यांना हा आजार नाही." त्यांनी टेबलावरची बशी सरळ केली आणि पुढे म्हणाले, "डोंगर म्हणजे बाजार नाही ना, मॅडम."

तिने ती पट्टी मागितली. मी बाहेर नेते, कुठल्या तरी संस्थेत पुरी करते. तेही शक्य नव्हतं. नोकरीवर येताना तिने जे कबूल केलं होतं त्याप्रमाणे ते काम कंपनीचं होतं. नोकरी सोडली तरी काही वर्षं तिने दुसरीकडे त्याला हात लावायचा नव्हता. पाड्यांवरून घेतलेली उत्तरंही कंपनीचीच. साहेबांनी तिला काढलं मात्र नाही. गर्भधारणेच्या पट्ट्यांच्या विभागात बदली दिली, दर्जा तपासणीला. पगार वाढवला. तिने मला फोनवर सांगितलं, "आता माझ्या दोन रेघांवर लोक पेढे वाटतात." मी काही बोलायच्या आत तिने फोन ठेवला.

मी तोवर विसरवाडीजवळच्या एका शाळेत कायम झाले होते. आमच्या भेटी राहिल्याच नव्हत्या. या वर्षी, उन्हं तापायला लागली होती तेव्हा, एका दुपारी तिचा फोन आला. "मोलगीहून येतेय. विसरवाडीला गाडी बदलणार आहे. येशील का?"

मी गेले. हायवेच्या कडेला ट्रकांची रांग होती, भज्यांच्या कढया उकळत होत्या. ती एका हॉटेलच्या बाकावर बसली होती. केस पिकले होते, ते मी पहिल्यांदाच पाहिले. समोरच्या चहावर साय धरली होती. मी शेजारी बसले. काय झालं असं मी विचारलंच नाही, तिनेच सुरुवात केली.

"रमिलाला मुलगा झालाय. आठ महिन्यांचा आहे. हातापायांची बोटं सुजलीत, हात लावला की किंचाळतो. मामाने फोन केला, बाळाला नजर लागली, तू जरा बघ. मी लांबूनच ओळखलं गं. भावाच्या हातांसारखे हात."

"औषध आहे ना आता," मी म्हटलं. "वेळेवर कळलंय."

"आहे. चिठ्ठी दिली, उद्या त्याला खाली घेऊन जातील. वाढेल तो. रडत रडत वाढेल." ती समोरच्या एका ट्रककडे बघू लागली. क्लीनर चाकावर हातोडी मारून बघत होता. "रमिलाने विचारलं, बाई, हे कशाने झालं? मी सांगितलं सगळं. तुझी रेघ, त्याची रेघ. म्हटलं, मला माहीत होतं."

"मग?"

"तिने विचारलं, तेव्हा? लग्नाआधी? मी हो म्हटलं." जयाचे हात मांडीवर होते, तळवे वर. "बाळ माझ्या मांडीवर होतं. तिने ते उचलून घेतलं. ओरडली नाही. रडली नाही. मामासुद्धा काही बोलला नाही. मामीने भाकरी वाढली, वर म्हणाली, जेवून जा, लांब जायचंय तुला. मी जेवले, उज्ज्वला. कोणीतरी एखादा शब्द बोलावा म्हणून सगळी भाकरी खाल्ली, पण कोणी बोललं नाही. निघाले तेव्हा पाड्याच्या टोकापर्यंत सोडायलाही कोणी आलं नाही. आधी सगळे यायचे."

मी तिचा हात धरला. तिने तो धरू दिला, पण त्या हातात काही नव्हतं, नुसता हात. मी म्हटलं, नोकरी सोड, माझ्याकडे राहा, इथल्या शाळेत बोलते मी. ती माझ्याकडे वळून हळू बोलली, एखाद्या लहान मुलीला समजवावं तसं. "इथे राहून काय करू? रक्त घेऊ? आता मला रक्त कोण देईल?"

सुरतेकडून आणि सुरतेला जाणाऱ्या गाड्या येत होत्या, जात होत्या. तिची गाडी येऊन गेली. तिने पाहिलं, पण उठली नाही. मी म्हटलं, अगं, ही तुझीच होती. ती म्हणाली, "हो का?" आणखी एक गेली. तिच्या पायाशी कापडी पिशवी होती, तिचा बंद ती बोटाला गुंडाळत आणि सोडवत होती.

ऊन कलायला लागलं तेव्हा आणखी एक बस चौकात येऊन थांबली. गावाहून परतताना ती नेहमी ज्या बसने जायची तीच, पाटीवर ठळक अक्षरांत सुरतेचं नाव होतं. जया उठली. पाटीकडे बघत माझ्याजवळ येऊन तिने विचारलं, "ही कुठं जाते गं?"

"सुरतेला."

"मग हीच असेल," ती म्हणाली आणि चढली.

कंडक्टरने घंटी दिली. बस धुळीतून वळून हायवेला लागली. मागच्या काचेतून मला ती दिसत होती. आत अर्धी बाकं मोकळी होती. ती मधल्या वाटेत वरचा दांडा धरून उभी होती, आणि बस वळणाआड जाईपर्यंत तशीच उभी राहिली.